शेजारच्या दुकानाआधी बिंगवर

दादरला आमचं पैठणीचं दुकान आहे. गूगलवर ‘पैठणी’ शोधणाऱ्यांना जाहिरात दिसावी म्हणून सगळेच या शब्दासाठी बोली लावतात, म्हणून जाहिरातीवरचा प्रत्येक क्लिक महाग. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवर त्यामानाने गर्दी कमी. तिथे जाहिरात देण्यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲडव्हर्टायझिंगचं खातं उघडा. गूगलवरची मोहीम तिथे थेट इम्पोर्ट होते. मात्र बोली आणि रोजचं बजेटही सोबत येतं, ते आधी खाली आणा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘मुंबईत असलेले’ एवढेच ठेवा, नाहीतर मुंबईत नुसता रस असलेल्यांच्या क्लिकचेही पैसे जातात. निगेटिव्ह कीवर्डमध्ये (म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसू नये, त्या यादीत) ‘भाड्याने’, ‘फोटो’, ‘ब्लाउज डिझाइन’ टाका. (फोटो बघणारे साडी घेत नाहीत, हे काउंटरवरही दिसतंच!) लिंकला वेगळा यूटीएम टॅग (गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीवरून आलं ते सांगणारी खूण) लावा. हे सगळं लग्नसराईच्या आधी. ऐन हंगामात शिकायला वेळ कुणाला? व्हॉट्सॲपवर चौकशी आली की ‘जाहिरात कुठे पाहिलीत?’ विचारून वहीत लिहून ठेवा.