फिगरचा स्टँड पडतो, वाकतो, चिकटतो : या चुका टाळा

ॲक्शन फिगरसाठी (सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्राच्या, सांधे हलणाऱ्या बाहुलीसाठी) स्टँड करायचा म्हटलं की नवखा माणूस आधी मोबाईलवर डिझाइन शोधतो, मग थ्रीडी प्रिंट टाकतो, मग रंग देतो. फिगर जड आहे हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. क्रम उलटा हवा. आधी फिगर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, तळपायाच्या भोकाचं माप व्हर्निअरने घ्या, ती ज्या फळीवर राहणार ती फळी मोजा. हे आकडे हातात नसतील तर लेझर कटिंगवाल्याकडे जाऊ नका. तुम्ही द्याल ते तो कापेल, उलट प्रश्न विचारणार नाही.

हलका तळ

निम्मी तक्रार इथेच असते. उडत्या पोजमधली फिगर, पारदर्शक दांडी आणि खाली ३ मिमी ॲक्रिलिकची १० सेंमी व्यासाची चकती. दिसायला छान, पण पंखा लावला की तोंडावर पडते.

हिशोब सोपा आहे. समजा फिगर १२० ग्रॅमची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य चकतीच्या केंद्रापासून ७ सेंमी पुढे येतो. चकतीची कडा ५ सेंमीवर, म्हणजे फिगरचा भार कडेच्या २ सेंमी बाहेर. १२० गुणिले २, झाले २४०. चकतीने हे तोलायचं तर तिचं वजन गुणिले ५ निदान २४० यायला हवं, म्हणजे ४८ ग्रॅम. ३ मिमीची चकती भरते २८ ग्रॅम. ५ मिमीची घेतली तरी ४७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीही थोडक्यात हरते. शिवाय ४८ ग्रॅम ही काठावरची गोष्ट झाली. घरात लहान मुलं असतील तर तिप्पट धरा, साधारण १५० ग्रॅम.

गुरुत्वमध्य शोधायला फिगरच्या कंबरेला दोरा बांधून ती लोंबकळत धरा आणि आडवी समतोल राहीपर्यंत दोरा पुढे-मागे सरकवा. दोरा जिथे थांबेल त्याच्या खालीच भार आहे.

उपायाला सुरुवात फुकटातल्या गोष्टीने करा : दांडी मागे झुकवून फिगर तळावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर चकतीखाली ८ सेंमी व्यासाची, ५ मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) प्लेट लावा. ती एकटीच जवळपास २०० ग्रॅम भरते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे अशा प्लेटचे तुकडे भंगारात पडलेले असतात. प्लेटला प्राइमर मारा, नाहीतर पावसाळ्यात गंज उतरून फळीवर डाग पडतो. काही जण तळात वाळू भरतात. वाळू गळते, सरकते, आणि मग सगळं खोलावं लागतं. त्या वाटेला जाऊ नका.

सोलापूरच्या उन्हात पीएलए

थ्रीडी प्रिंटरवर दांडी छापायला लोक पीएलए नावाचं प्लास्टिकच वापरतात, कारण ते छापायला सोपं. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं, आणि सतत भार असेल तर त्याच्या आधीच हळूहळू वाकायला लागतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेरचा पारा ४२-४३ पर्यंतही जातो. बंद काचेच्या शोकेसवर थेट ऊन आलं तर आत त्याहून बरंच जास्त तापतं.

जुळे सोलापुरातल्या एका शोकेसचं उदाहरण घ्या. खिडकी पश्चिमेला, आत पीएलएची १६ सेंमी लांब दांडी, इन्फिल (आतला भराव) १५ टक्के, वर धातूचे भाग असलेली जड फिगर. रोज दुपारनंतर फिगर थोडी खाली यायची. मालकाला वाटलं जोड सैल झालाय, म्हणून तो दर दोन दिवसांनी स्क्रू आवळत गेला. जोड ठणठणीत होता, वाकत होती दांडी. शेवटी आवळून आवळून स्क्रूभोवती तडा गेला आणि फिगर खालच्या काचेवर आदळली. मनगट तुटलं, काचही गेली.

निदान करायला स्टीलची पट्टी पुरते. दांडी सोडवून पट्टीला लावा. मधे फट दिसली तर दांडी वाकलीय, स्क्रूला हात लावू नका. दांडी सरळ असेल तरच जोडाकडे बघा.

छपाईची दुसरी प्लास्टिकं बघितली तर पीईटीजी ८० अंशांच्या आसपास टिकतं, एबीएस १०० पर्यंत. तरी भार पेलायला प्लास्टिक ठेवूच नये, असं आमचं ठाम मत आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ३ मिमीची स्टीलची सळई आणा, व्हाइसमध्ये धरून वाकवा, खालच्या टोकाला टर्नरकडून एम३ चे आटे पाडून घ्या. चकती आणि प्लेट दोन्हींतून आरपार भोक, वरून एक आणि खालून एक नट. खालचा नट जमिनीला टेकू नये म्हणून तळाला पाय लावा, आणि ते तीनच लावा. तीन पायांवरचा तळ कधी डुगडुगत नाही.

छापलेला पेग (फिगरच्या तळपायाच्या भोकात बसणारी खुंटी) मोडण्याचं कारण वेगळं. पेग उभा छापला की थर आडवे बसतात आणि तो थरावरच तुटतो. आडवा छापा, किंवा सायकलच्या १४ गेजच्या स्पोकचा तुकडा घाला; तो २ मिमीचा असतो. पेग भोकापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी बारीक ठेवा. ‘दाबलं की बसेल’ म्हणणाऱ्यांनी फिगरचे तळपाय फोडलेत.

चिकटणारी पकड

कंबर धरणाऱ्या पकडीवर पारदर्शक पीव्हीसी नळी चढवायची पद्धत आहे. नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि फिगरचा रंग नळीला चिकटतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली पॉलिओलेफिनची हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी वापरा. ती फिगर लावण्याआधी तापवून पूर्ण गार करून घ्या. हे सांगावं लागतं, कारण फिगरसकट लायटर धरणारेही आहेत.

बाकीच्या, थोडक्यात

ॲक्रिलिकला फेवीक्विक लावू नका, जोडाभोवती पांढरी धूसर झाक येते. दुकानांच्या पाट्या करणारे बोर्डवाले क्लोरोफॉर्मने जोडतात, ते त्यांच्याकडूनच करून घ्या; त्याची वाफ घरात नको.

लेझरने कापलेली कडा सॅनिटायझरने पुसली की बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

खाचेचं माप ‘३ मिमी’ असं डोळे झाकून देऊ नका. ३ मिमी म्हणून मिळणारी शीट २.७ ही भरते. तुमचाच तुकडा मोजा, आणि खाचेचे आतले कोपरे गोल ठेवा, तडा टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो.

पायऱ्यांचा स्टँड ३० सेंमीपेक्षा रुंद असेल तर ३ मिमीची फळी मधे झोळते. ५ मिमी घ्या किंवा मधे टेकू द्या.

थर्मोकोलच्या खडकावर थेट स्प्रे मारला की तो विरघळतो. आधी फेव्हिकॉलचे दोन हात.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या हादरणाऱ्या भिंतीला शोकेस टेकवली असेल तर फिगर दिवसभरात मिलिमीटर मिलिमीटर पुढे सरकतात. शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि प्रत्येक पाय पेगवर बसवा. खाली टॉवेलची घडी घालायचा मोह आवरा, तिच्यावर तळ जास्तच डुलतो.