मुलांना विचारून घरची आर्थिक स्थिती कशी मोजावी

शाळकरी मुलांच्या आरोग्याचा, आहाराचा किंवा अभ्यासाचा कोणताही अभ्यास हाती घेतला, की घरच्या आर्थिक स्थितीची नोंद कशी करायची हा प्रश्न येतोच. पालकांपर्यंत पोहोचायला वेळ आणि पैसा नसतो, म्हणून प्रश्नावलीत ‘वडिलांचे मासिक उत्पन्न’ अशी एक ओळ घालून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा. तेरा वर्षांच्या मुलाला पगाराचा आकडा सहसा ठाऊक नसतो. शेती, हंगामी मजुरी किंवा छोटे दुकान यांवर चालणाऱ्या घरात तो पालकांनाही चटकन सांगता येत नाही, आणि ज्या मुलाला तो ठाऊक असतो त्याला तो बाहेर सांगू नये अशीच घरची शिकवण असते. व्यवसाय विचारावा तर ‘कंपनीत आहेत’ असे उत्तर येते आणि कंपनीतला सुरक्षारक्षक व व्यवस्थापक एकाच रकान्यात जाऊन बसतात.

त्यापेक्षा मुलाला जे रोज दिसते आणि मोजता येते, तेवढेच विचारावे. याच तत्त्वावर ‘फॅमिली अफ्लुअन्स स्केल’ ही कौटुंबिक सुबत्तेची मापनी उभी आहे. इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वे येथील संशोधकांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चाललेल्या ‘हेल्थ बिहेवियर इन स्कूल-एज्ड चिल्ड्रन’ या शाळकरी मुलांच्या आरोग्यविषयक सवयींच्या सर्वेक्षणात ती वापरली जाते. हे सर्वेक्षण दर चार वर्षांनी ११, १३ आणि १५ वर्षे वयाच्या मुलामुलींमध्ये, प्रामुख्याने युरोपात आणि कॅनडात होते. भारत त्यात नाही. मापनी मूळ स्कॉटलंडमधील कँडेस करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या रूपात घरातील मोटार, दूरध्वनी आणि मुलाची स्वतःची खोली एवढेच तीन प्रश्न होते. दूरध्वनी घरोघरी पोहोचल्यावर त्या प्रश्नाने कोणाचाच वेगळेपणा कळेना, तेव्हा तो गळला.

२०१३-१४ च्या फेरीपासून सहा प्रश्न आहेत. घरी मोटार, व्हॅन किंवा ट्रक किती (० ते २ गुण), मुलाला एकट्याची झोपण्याची खोली आहे का (० किंवा १), लॅपटॉप आणि टॅब्लेट धरून पण स्मार्टफोन वगळून संगणक किती (० ते ३), आंघोळीची सोय असलेल्या खोल्या किती (० ते ३), भांडी धुण्याचे यंत्र आहे का (० किंवा १) आणि गेल्या वर्षी कुटुंबासह सुट्टीसाठी परदेशी किती वेळा जाणे झाले (० ते ३). एकूण गुण १३. एखाद्या मुलीच्या घरी एक मोटार, दोन संगणक आणि एक न्हाणीघर असेल, स्वतःची खोली व यंत्र नसेल आणि परदेशवारी झाली नसेल, तर तिचे गुण ४ होतात. पालकांना उत्पन्न विचारायला नको, पगारपत्रक नको; दोन-तीन मिनिटांत उत्तरे मिळतात आणि कोरे राहणारे कागद फार कमी निघतात.

मात्र हे ४ गुण म्हणजे रुपये नव्हेत. ज्या मुलीचे गुण ८ आहेत तिचे घर दुप्पट श्रीमंत आहे असा अर्थ काढू नये. गुणांवरून कुटुंबांची केवळ उतरंड लावता येते. यासाठी रिडिट नावाची साधी पद्धत वापरतात: आपल्यापेक्षा कमी गुण असलेल्यांची संख्या, अधिक आपल्याइतकेच गुण असलेल्यांच्या निम्मी संख्या, भागिले एकूण संख्या. समजा, १०० मुलांपैकी १० जणांचे गुण ३ पेक्षा कमी आहेत आणि १२ जणांचे बरोबर ३ आहेत, तर ३ गुणांचे स्थान (१० + ६) ÷ १०० = ०.१६ येते. मग तळाचे २० टक्के, मधले ६० टक्के आणि वरचे २० टक्के असे तीन गट पाडावेत. हे त्या-त्या देशाच्या नमुन्यातच केले जाते, म्हणजे मुलाची तुलना त्याच्या भोवतालच्या मुलांशी होते.

खरे कौशल्य प्रश्न निवडण्यात आहे, कारण एकच वस्तू सगळीकडे सारखे बोलत नाही. डेन्मार्कमध्ये मोटारीच्या नोंदणीवर जबर कर आहे आणि सायकलीची सवय जुनी, त्यामुळे मोटार नसलेले घर गरीबच असेल असे नाही. ग्रीनलंडमध्ये तर एका गावातून दुसऱ्या गावाला जोडणारे रस्तेच नाहीत. मापनी जशीच्या तशी महाराष्ट्रातल्या शाळेत नेली, तर हाच घोटाळा अधिक ठळकपणे होईल. भांडी धुण्याच्या यंत्राच्या आणि परदेशवारीच्या रकान्यात बहुतेक वर्गांत शून्यांची रांग लागेल. मोटारीच्या प्रश्नात ‘चारचाकी’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर घरची दुचाकीही मोजली जाईल. मुंबईतल्या चाळीत दोन नोकऱ्या असलेल्या घरातही मुलाला स्वतःची खोली मिळत नाही, आणि गावाकडच्या वाड्यात खोल्या पडून असल्या तरी नातवंडे आजीजवळच झोपतात. परदेशवारीऐवजी नुसती सहल विचारली, तर मे महिन्यात गावी जाणेही मूल ‘सहल’ म्हणून नोंदवील. तेव्हा ‘नातेवाइकांकडे न राहता, पैसे भरून मुक्काम केलेला प्रवास’ असे सांगावे लागेल.

म्हणून वस्तूंची यादी आपल्या भागापुरती नव्याने करावी आणि आधी तीस-चाळीस मुलांवर पडताळून पाहावी. जवळजवळ सर्वांकडे असलेली किंवा जवळजवळ कोणाकडेच नसलेली वस्तू काढून टाकावी. ग्रामीण भागात माझ्या मते शेतीचे दोन प्रश्न हवेतच: घरची जमीन आहे का, आणि तिला विहिरीचे, बोअरचे किंवा कालव्याचे पाणी आहे का. मुलाला एकर नेमके सांगता येणार नाहीत, पण पाणी आहे की नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि पाच एकर जिरायतीपेक्षा दीड एकर बागायती घराला अधिक तारते. शौचालय घरात आहे की सामायिक, फ्रिज आणि धुलाईयंत्र आहे का, हेही उपयोगी ठरते. आश्रमशाळेतील किंवा वसतिगृहातील मुलांना ‘तुझ्या घरी’ म्हणजे सुट्टीत जिथे जातोस तिथे, असे प्रश्नातच सांगावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांबाबत कोपीतल्या (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीतल्या) नव्हे, गावच्या घरातल्या वस्तू विचाराव्यात, आणि स्थलांतराची नोंद वेगळी ठेवावी. एकत्र कुटुंबात काकांची गाडी मोजायची का, हा नियम एकदा ठरवून सर्व वर्गांना तोच सांगावा.

वस्तूंच्या जोडीला एखादा थेट प्रश्न ठेवावा. युरोपीय सर्वेक्षणात ‘तुझे कुटुंब कितपत सुस्थितीत आहे असे तुला वाटते’ हे वेगळे विचारतात. घरात पुरेसे अन्न नसल्यामुळे शाळेत येताना किंवा झोपताना किती वेळा उपाशी राहावे लागते, हाही प्रश्न तिथे विचारला गेलेला आहे. सुबत्तेच्या यादीतून तळाची गरिबी नीट दिसत नाही, ती या दुसऱ्या प्रश्नातून दिसते. मात्र मुलाचे मत आणि वस्तूंचे गुण यांची बेरीज करू नये, कारण सधन शाळेतले मध्यमवर्गीय मूल स्वतःला गरीब समजते.

प्रश्न वर्गात हात वर करून कधीही विचारू नयेत. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार घेऊन, नावाशिवाय, प्रत्येकाला स्वतंत्र कागद द्यावा. शिक्षकांनी रांगांमधून फिरू नये. गुणांची बेरीज करताना एखादे उत्तर कोरे असेल तर तिथे शून्य मांडू नये, कारण ‘नाही’ आणि ‘लिहिले नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत. कोरी उत्तरे किती आणि कोणत्या प्रश्नाची, हे अहवालात नमूद करावे, आणि वगळलेल्या तसेच नव्याने घातलेल्या वस्तूंची यादीही द्यावी, म्हणजे आपले गुण दुसऱ्या जिल्ह्यातल्या गुणांशी ताडून पाहता येतात की नाही हे वाचणाऱ्याला ठरवता येईल.