रोजच्या टर्बो गाडीला आफ्टरमार्केट कॅम बसवताय? या चुका टाळा

सकाळी साडेनऊला भूमकर चौकातून हिंजवडीकडे वळताना टॅकोमीटरकडे एकदा नीट बघा. काटा ९०० ते २२०० च्या मध्येच फिरत असतो. पहिला, दुसरा, क्लच, पुन्हा पहिला. संध्याकाळी परतताना तेच. रविवारी एक्स्प्रेसवे मिळाला तरी मोटारींना मर्यादा १०० ची, घाटात ६० ची. पुण्यात रोज चालणाऱ्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळ ३००० आरपीएमच्या खालीच जगतं. आफ्टरमार्केट कॅम, म्हणजे आपल्या उंचवट्यांनी (लोबनी) व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचे हे ठरवणारा, बाहेरून घेतलेला दंड, घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आधी कागदावर लिहा आणि मग कॅटलॉग उघडा.

मी उलटं केलं होतं. माझ्याकडे लिनिया टी-जेट आहे, आपल्या रांजणगावला बनलेली. १.४ लिटरचं इंजिन, ११४ पीएस ५००० आरपीएमला आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क २२०० ला. ओळखीतून २७२ अंशांचा कॅमसंच मिळाला, म्हणजे क्रँक २७२ अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा. या आकड्याला ड्युरेशन म्हणतात. मोठा कॅम म्हणजे मोठी ताकद, एवढंच डोक्यात होतं. बसवल्यावर सिग्नलला स्टिअरिंग थरथरायचं, एसी लावला की आरपीएम ६०० वर यायचे. ३५०० पर्यंत गाडी ओढायचीच नाही, आणि ५००० च्या पुढे मूळ टर्बोचा दम संपलेला असायचा. हातात उरले १५०० आरपीएम, तेही शहरात कधी लागत नाहीत असे. चार महिन्यांनी मूळ कॅम परत बसवले. बेल्ट, सील, मजुरी, सगळं दोनदा भरलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बिनटर्बोच्या इंजिनाचा कॅम टर्बोला लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आत इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो. दोन्ही एकाच वेळी उघडे असतात त्या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. बिनटर्बोच्या रेसिंग इंजिनात हा ओव्हरलॅप वरदान असतो. वेगाने बाहेर निघालेला धूर मागे हलकी पोकळी सोडतो आणि नवी हवा आत ओढून घेतो.

टर्बोत मात्र एक्झॉस्टच्या वाटेत टर्बाइन बसलेलं असतं. ते धुराने फिरतं आणि त्याच्या जोरावर इनटेकमध्ये हवा कोंबली जाते. त्या कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. छोट्या, कंपनीच्या टर्बोवर पूर्ण थ्रॉटल दिला की टर्बाइनच्या अलीकडचा दाब बूस्टपेक्षा जास्त होतो, वरच्या आरपीएमला दीडपटही. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहिले तर गरम धूर बाहेर न जाता उलटा सिलिंडरमध्ये, कधी थेट इनटेकमध्ये शिरतो. आतली हवा तापते, ताज्या हवेला जागा कमी पडते, नॉकिंग (मिश्रण ठिणगीशिवाय आपोआप भडकणं) सुरू होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो. कॅम मोठा झाला, ताकद घटली, असं नेमकं इथे होतं.

ओव्हरलॅप स्वतः काढता येतो. इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची बेरीज करा, चारने भागा, त्यातून लोब सेपरेशनचा कोन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला) वजा करा आणि उत्तराची दुप्पट करा. माझा संच होता २७२-२७२, सेपरेशन १०८. म्हणजे १३६ वजा १०८, दुप्पट केल्यावर ५६ अंश. २६४-२६४ चा कॅम ११५ अंशांच्या सेपरेशनवर घेतला तर हाच आकडा ३४ वर येतो. टर्बोसाठी साधारण ११२ ते ११६ अंशांचं सेपरेशन बघावं. १०४ ते १०८ दिसलं तर तो कॅम दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनासाठी घडवला आहे असं धरून चाला.

आयडलिंगला मोठा ओव्हरलॅप त्रास का देतो, तेही या आकड्यातूनच कळतं. ६००० आरपीएमला ५६ अंश दीड मिलिसेकंदात सरतात. ८०० आरपीएमला त्याच ५६ अंशांना जवळजवळ १२ मिलिसेकंद लागतात. इनटेकमध्ये व्हॅक्यूम, एक्झॉस्टमध्ये वातावरणाचा दाब, आणि दार इतका वेळ उघडं. धूर आत ओढला जाणारच. मग एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ नीट धरत नाही आणि गाडी उभ्या जागी हिसके मारते.

इथे एक रास्त शंका येते. नव्या गाड्यांत तर कंपन्या मुद्दाम ओव्हरलॅप वाढवतात, ते कसं? डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हीव्हीटी) असेल तर कमी आरपीएमला, जिथे बूस्ट एक्झॉस्टच्या दाबापेक्षा जास्त असतो तिथे, ओव्हरलॅपमधून फक्त हवा आरपार सोडतात आणि पेट्रोल नंतर फवारतात. टर्बो लवकर फिरू लागतो. पण तो ओव्हरलॅप ईसीयू क्षणाक्षणाला कमीजास्त करत असतो. आपण लोबमध्ये घडवून आणलेला ओव्हरलॅप तिथून हलत नाही. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल इनटेकमध्येच फवारणाऱ्या) गाडीत तर हवेबरोबर पेट्रोलही आरपार जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं.

जाहिरातीतल्या ड्युरेशनवर विश्वास

एक उत्पादक व्हॉल्व्ह किंचित हलला तिथून मोजतो, दुसरा १ मिलिमीटर लिफ्टपासून (उचलीपासून), अमेरिकन कॅटलॉग १.२७ मिलिमीटरपासून. त्याच कॅमच्या दोन आकड्यांत तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून दोन कॅम ताडून बघताना मोजमाप एकाच लिफ्टला केलेलं आहे का, हे आधी विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर कॅमकार्ड, म्हणजे कॅमची सगळी मापं लिहिलेला कागद, मागा. कार्ड नसेल तर तो कॅम घेऊ नका.

रोजच्या गाडीला मला लिफ्ट थोडी वाढवणं ड्युरेशन वाढवण्यापेक्षा बरं वाटतं. आयडलिंग बिघडत नाही आणि मधल्या आरपीएमला हवा जास्त जाते. त्यालाही सीमा आहे. लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाएवढी झाली, म्हणजे ३० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला साडेसात, की पुढे अडवणूक पोर्टची असते.

गाडीचं इंजिन न ओळखता ऑर्डर देणं

चाकणला बनणाऱ्या टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हियातलं १.० टीएसआय घ्या. त्यात कॅमशाफ्ट हाउसिंगमध्येच कायमचे बसवलेले असतात, सुटे काढून दुसरे घालता येत नाहीत. टी-जेटमध्ये कॅम बदलता आले, तसं तिथे होत नाही. बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत हाय प्रेशर फ्युएल पंपही कॅमवरच्याच एका लोबने चालतो. तो लोब मूळ मापाचा नसेल तर पेट्रोलचा दाब कोलमडतो.

जुना कॅम घासून नवा आकार देणारे लेथवालेही भेटतात. घासल्यावर लोबचा बेस सर्कल (गोल तळ) लहान होतो आणि वरचा कडक केलेला थर पातळ होतो. हायड्रॉलिक टॅपेटला (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट तेलाच्या दाबाने भरणारा तुकडा) ती वाढलेली फट भरून काढता आली नाही तर टकटक थांबत नाही. टर्बो गाडीत मी या वाटेला जाणार नाही.

स्प्रिंग आणि फट न तपासणं

टर्बो गाडीत इनटेक व्हॉल्व्हच्या मागे बूस्ट उभा असतो आणि तो व्हॉल्व्ह उघडायला बघतो. ३० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटरच्या आसपास. एक बार बूस्टला त्यावर सात किलोंहून थोडा जास्त जोर येतो आणि तेवढी स्प्रिंगची पकड कमी होते. वर कॅमची चढण जास्त उभी असेल तर व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो. स्प्रिंग कॅमला साजेशी घ्या. पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, आणि स्प्रिंग धरणारा रिटेनर व्हॉल्व्ह सीलला लागत नाही ना, हे बघा.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट मात्र कुणाच्या शब्दावर सोडू नका. भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये ही तपासणी मी शेजारी उभा राहून बघितली. गणपतीच्या शाडूसारखी मऊ माती पिस्टनवरच्या खाचांत थापली, तिला तेलाचं बोट लावलं, जुनी गॅस्केट ठेवून हेड बसवलं आणि क्रँक पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवला. हेड उचललं तेव्हा मातीत व्हॉल्व्हचे चंद्रकोरीसारखे ठसे उमटले होते. ठसा ब्लेडने उभा कापून सगळ्यात पातळ जागी व्हर्नियर लावला. इनटेकला निदान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच हवेत. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन मागून त्याचा पाठलाग करत वर येत असतो.

यात फसायची एक जागा आहे. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल नसेल तर तो दबतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि फट आहे त्याहून जास्त दिसते. तपासणीपुरता तिथे घट्ट टॅपेट घाला. व्हीव्हीटी असेल तर कॅमचा कोन बदलणारा फेझर दोन्ही टोकांना नेऊन मोजा.

बसवल्यावर काय बिघडलं, कसं ओळखायचं

चेक इंजिन लाइट लागून पी००१६ कोड आला तर कॅम आणि क्रँकचा मेळ नाही. बेल्ट किंवा चेन एक दात चुकली असेल, नाहीतर स्प्रॉकेट सरकलं असेल. बऱ्याच इंजिनांत स्प्रॉकेटला जागेवर अडकवणारी चावी (की) नसते, ते फक्त बोल्टच्या पकडीवर बसतं, म्हणून लॉकिंग टूलशिवाय कामाला हात लावू देऊ नका. डिग्री व्हील (कोन मोजायची चकती) आणि डायल गेज (लिफ्ट मोजायचं) लावून कॅम कार्डाप्रमाणे बसला आहे का, हे मोजूनच कव्हर बंद करा.

सिलिंडरमध्ये जाळ चुकतोय असं सांगणारा पी०३०० कोड आयडलिंगलाच येतो आणि २००० च्या पुढे नाहीसा होतो, तर प्लग-कॉइल बदलत बसू नका. कारण बहुधा ओव्हरलॅप हेच. आयडल थोडं वर घेऊन आणि ईसीयूचा मॅप (पेट्रोल आणि इग्निशनचं कोष्टक) सुधारून काही प्रमाणात बसतं. ब्रेक पेडल कडक लागलं तर व्हॅक्यूम कमी पडतोय. ज्या गाडीत बूस्टरला वेगळा पंप नाही तिथे हे ताबडतोब बघा.

मॅप न बदलता गाडी चालवणं ही वेगळीच चूक. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर हवेचा हिशोब करणाऱ्या ईसीयूला कमी झालेला व्हॅक्यूम म्हणजे वाढलेला लोड वाटतो आणि तो जास्त पेट्रोल टाकतो. मॅप करून घ्याल तो रोज भरता त्याच पेट्रोलवर. पुण्यात एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) मिळतं, पण त्यावर ताणून बसवलेला मॅप घेऊन गावाकडे गेलात आणि तिथल्या पंपावरचं साधं पेट्रोल भरलंत तर चढावर नॉकिंग ठरलेलं.

मोठ्या ओव्हरलॅपची गाडी पीयूसीलाही अडते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, एवढीच मुभा आहे. न जळलेलं पेट्रोल आधी हायड्रोकार्बनच्या आकड्यात दिसतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. या दोन्ही गोष्टी पैसे देण्याआधी विचारून घ्या.

सपाट टॅपेटचं इंजिन असेल तर लोबवर असेंब्ली पेस्ट लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलिंगला सोडू नका. वीस-तीस मिनिटं २००० ते २५०० च्या मध्ये फिरवा, म्हणजे लोबवर तेल उडत राहतं. मग ते तेल आणि फिल्टर लगेच बदला. लोबवर चाकासारखा फिरणारा रोलर फॉलोअर असेल तर याची गरज नाही. पाचशे किलोमीटरनंतर लॅपटॉप जोडून तिसऱ्या गिअरमध्ये कात्रजचा चढ घ्या आणि इग्निशन किती मागे जातंय ते नोंदवा. मूळ कॅमवर हाच चढ, याच पेट्रोलवर आधी नोंदवून ठेवला असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे, म्हणून ती नोंद हेडला पाना लावायच्या आदल्या दिवशी घ्या.