नेटवर्क चाचणीच्या स्क्रिप्टमधल्या शेलचेकच्या सूचना कशा निस्तराव्यात

लिनक्स कर्नलमधल्या नेटवर्कच्या कितीतरी चाचण्या साध्या बॅशमध्ये लिहिलेल्या आहेत: दोन नेमस्पेस (एकाच यंत्रातली वेगवेगळी नेटवर्क) उघडायच्या, व्हेथची जोडी (त्यांना जोडणारी आभासी तार) बसवायची, इकडून तिकडे पिंग करायचं. अशा जुन्या स्क्रिप्टवर शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) चालवलं की स्क्रीन सूचनांनी भरून जाते.

आधी चाचणी चालवून तिचा निकाल जपून ठेवा. मग शेलचेकला एक्स (-x) हा पर्याय द्या, म्हणजे सोर्स केलेल्या (स्क्रिप्टने आत ओढून घेतलेल्या) फाइलीही तो वाचतो. प्रत्येक सूचनेला एससी आणि आकडा असा कोड असतो; सूचना त्यानुसार वेगळ्या करा. एका वेळी एकच कोड हाताळा आणि त्याचा स्वतंत्र कमिट करा.

सुरुवात एससी२१५५ पासून करा. पिंगचं आउटपुट लोकल व्हेरिएबलमध्ये एकाच ओळीत घेतलं, की पिंगचा एक्झिट कोड (० म्हणजे यश, इतर आकडा म्हणजे अपयश) हरवतो. लोकल हीसुद्धा एक कमांडच आहे. ती यशस्वी होते आणि पिंग फसला तरी हाती ० येतो. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये अशी ओळ कित्येक महिने होती. पॅकेट पोहोचत नव्हतं आणि चाचणी पास दिसत होती. उपाय सोपा आहे: आधीच्या ओळीत लोकल जाहीर करा, पुढच्या ओळीत मूल्य भरा. यानंतर एखादी चाचणी फेल होऊ लागली तर बदल मागे घेऊ नका. तो दोष आधीपासूनच तिथे होता.

सर्वांत जास्त गर्दी एससी२०८६ ची असते, म्हणजे अवतरणाशिवाय वापरलेली व्हेरिएबल. इंटरफेसचं नाव, पत्ता, फाइलचा मार्ग यांना बिनधास्त दुहेरी अवतरण द्या. पण पिंगचे तीन-चार पर्याय एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबले असतील तर थांबा. त्यांना अवतरण दिलं की पिंगला ते सगळे मिळून एकच शब्द दिसतात आणि कमांड मोडते. तिथे साध्या व्हेरिएबलऐवजी अ‍ॅरे (मूल्यांची यादी) वापरा.

काही सूचना मात्र शेलचेकच्या नजरेच्या मर्यादेमुळे येतात. नेमस्पेसचं नाव दुसऱ्या फंक्शनने आडवाटेने, म्हणजे व्हेरिएबलचं नाव घेऊन भरलं, की एससी२१५४ (मूल्य न देता वापरलेलं व्हेरिएबल) येऊ शकतो. वरच त्या व्हेरिएबलला रिकामं मूल्य द्या. ट्रॅपमधून (स्क्रिप्ट संपताना वगैरे आपोआप चालणाऱ्या कमांडमधून) किंवा व्हेरिएबलमधल्या नावाने बोलावलेल्या फंक्शनवर एससी२३१७ (कधीच न चालणारा कोड), किंवा नव्या आवृत्तीत एससी२३२९, येऊ शकतो. तो त्या फंक्शनपुरता बंद करा आणि शेजारी कारण लिहा. फाइलच्या माथ्यावर सरसकट बंद केलात, तर उद्या खरोखर मेलेला कोडही नजरेतून सुटेल.

शेवटी चाचणी मुद्दाम पाडून बघा. व्हेथचं एक टोक डाउन करा आणि स्क्रिप्ट चालवा. एक्झिट कोड १ यायला हवा. कर्नलच्या चाचण्यांत ४ म्हणजे स्किप, तेव्हा ४ आला तर अपयश वगळल्यासारखं नोंदलं जातंय. आणि ० आला तर कुठेतरी एक्झिट कोड अजून गिळला जातोय. पिंगच्या ओळीपासून पुन्हा शोधायला लागा.