आवारातली पाण्याची नि ड्रेनेजची लाइन आपलीच असते, या चुका टाळा

लाइन फुटली की बहुतेक घरांत पहिलं वाक्य हेच येतं, "कम्प्लेंट टाकलीय, येतील ते लोक." मग आठ दिवस पाणी वाहत राहतं, माणूस येऊन बघतो नि सांगतो की हे आमच्या हद्दीत येत नाही, तुमचा प्लंबर बोलवा. साधारणपणे रस्त्याखालची मेन लाइन पाणीपुरवठा खात्याची आणि तिच्यातून निघून आपल्या घरात येणारी लाइन आपली. पण हद्द नेमकी कुठे बदलते ते जागेनुसार वेगळं असतं, कुठे मीटरच्या पुढे, कुठे कंपाउंडपासून, आणि ड्रेनेजचं तर कित्येक ठिकाणी रस्त्याखाली मेनला जोडेपर्यंतचा तुकडासुद्धा घरमालकाकडेच येतो. हे लाइन फुटल्यावर विचारायचं नाही, आधी विचारायचं, आणि शक्यतो लेखी घ्यायचं. लाइन कुठून जाते, चेंबर कुठे आहेत, याचा साधा हाताने काढलेला नकाशा घरात ठेवा.

बिल वाढलं की मीटरच खराब म्हणून भांडायला जाणं, ही अजून एक चूक. असेल खराब, पण आधी घरी तपासा. टाकी पूर्ण भरू द्या, मग सगळे नळ बंद, फ्लश कोणी करायचा नाही, रीडिंग लिहा आणि दोन तासांनी परत बघा. आकडा सरकला असेल तर गळती मीटरच्या पुढे आहे, म्हणजे आपल्या बाजूला. आता लाइन घरात शिरते तिथला व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघा, तरीही सरकतोय तर गळती जमिनीखाली, थांबला तर घरात कुठेतरी. मिनिटाला एक ग्लास, म्हणजे 200 मिली गळत असेल तर दिवसाला 288 लिटर जातात, आणि वर जमीन कोरडीच दिसू शकते. शिवाय पुरवठा बंद असताना पाइपात दाब नसतो, तेव्हा त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं, आणि शेजारी ड्रेनेज गळत असेल तर तेच पाणी आपण पितो! म्हणून गळती छोटी आहे म्हणून सोडू नका, प्लीज.

ड्रेनेज तुंबलं की लगेच केमिकल ओततात. आधी बघा काय तुंबलंय. एकच बेसिन तुंबलं तर दोष तिथल्याच पाइपात, पण फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो किंवा तळमजल्यावर पाणी वर येतं तेव्हा मुख्य लाइन अडलेली असते आणि तिथे केमिकलचा फारसा उपयोग होत नाही, उलट ते पाइपात साचून राहतं आणि नंतर उघडणाऱ्या प्लंबरच्या अंगावर उडतं. ॲसिड नि ब्लीच तर एकत्र कधीच नको, क्लोरीन गॅस तयार होतो. आणि कितीही घाई असली तरी चेंबरमध्ये स्वतः उतरायचं नाही, कोणाला उतरवायचंही नाही, आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो.

पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर बऱ्याचदा झाडाची मुळं असतात, जुन्या पाइपच्या सांध्यातून ओलाव्याकडे शिरतात. मुळं कापली की थोडे महिने बरं चालतं, परत वाढतात, कारण सांधा उघडाच असतो. कॅमेरा घालून बघायला सांगा, नेमका कुठला तुकडा बदलायचा ते कळतं आणि सगळं अंगण खणावं लागत नाही. नवीन तुकडा टाकताना उतार स्वतः उभं राहून मोजून घ्या, 100 मिमीच्या पाइपला मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर.

वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी फ्लश करू नका, तेल-तूप सिंकमध्ये नको. गच्चीचं पावसाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका, जोराच्या पावसात लाइन भरून मैला घरात उलटा येतो.

आमच्याकडे अंगण छान दिसावं म्हणून चेंबरच्या झाकणावर फरशी बसवली होती, तुंबलं तेव्हा झाकण कुठंय तेच कोणाला सांगता येईना, चार ठिकाणी फरशी फोडली. झाकण बंदच असू द्या, पण त्यावर काही बसवू नका, दिसेल असं मोकळं ठेवा, कुंड्या ठेवायच्या तर बाजूला.

आणि मेन व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी फिरवून बघा. जाम झालेला असेल तर जोर लावून तोडू नका, लाइन चांगली आहे तोवरच बदलून घ्या.