मुळं कापून बोथटलेली चेन: कानस हातात घेण्याआधी

निसर्ग वादळानंतर २०२० च्या जूनमध्ये कोकणातल्या बागांत उन्मळलेल्या आंब्या-फणसांची मुळं तोडायचं काम निघालं, तसं ते दर मोठ्या वादळानंतर निघतं. मातीतली वाळू चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीच्या, चेनच्या पोलादापेक्षा कठीण असते. फिरती चेन क्षणभर मातीला लागली तरी धार जाते. लाकडाचे कीस पडायचे थांबून पिठासारखा भुसा येऊ लागला की जोर लावू नका, मशीन बंद करा.

स्पार्क प्लगची टोपी काढा, जाड हातमोजे घाला. चेन उतरवून रॉकेल आणि ब्रशने धुवा, नाहीतर तेल-मातीचा लगदा कानशीला खाऊन टाकतो. बारची (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची) खाच आणि तेलाचं भोकही आत्ताच कोरून घ्या. मग चेन चढवून ताणा आणि बार व्हाइसमध्ये पक्का धरा. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते, लहान मशीनवरच्या ३/८ इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला ४ मिमीची. अंदाजाने आणू नका, मॅन्युअल बघा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच आहे. एकेक दात उन्हात धरून त्याचा बाहेरचा कोपरा बघा. दाताच्या वरच्या आणि बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ थर असतो, धार टिकते ती त्याच्यामुळे. माती हा थर कडेपासून मागे झिजवते. दोन-चार हात मारून थांबलात तर धार उघड्या पोलादाला लागते आणि लगेच जाते. कड उन्हात चमकली म्हणजे ती अजून गोलच आहे. सर्वांत खराब दाताला मार्करने खूण करा. त्याचा झिजलेला भाग पूर्ण जाईपर्यंत घासा आणि बाकीचे सगळे दात त्याच्याच लांबीला आणा. लांबी कमी-जास्त राहिली की मशीन एका बाजूला ओढतं.

कानस आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना चालवा. कोन बहुतेक चेनना ३० अंश.

दात एवढे आखूड झाल्यावर त्यांच्यापुढचा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, तपासावाच लागतो. ०.३२५ च्या चेनला तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. गेजपट्टी ठेवून चपट्या कानशीने उतरवा. जास्त उतरवलात तर मशीन उसळून अंगावर येऊ शकतं, म्हणून इथे घाई नकोच.

पुढच्या मुळांसाठी एक जुनी चेन वेगळी ठेवा. पहारीने माती मोकळी करा, पाणी मारून मूळ धुवा. सालीत जांभ्याचे खडे रुतलेले दिसले तर तिथे कुऱ्हाड वापरा.