थर्ड शिफ्टनंतर दिवसा झोपायचं कसं

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत मी ओएचसीची, म्हणजे कंपनीतल्या दवाखान्याची, सिस्टर आहे. थर्ड शिफ्ट म्हणजे रात्रपाळी सुटली की कुणी ना कुणी दारात उभं असतंच, "सिस्टर, झोपेची गोळी द्या ना." गोळी मी देत नाही. आधी दोन गोष्टी विचारते: शेवटचा चहा किती वाजता घेतला आणि घरी जाताना डोळ्यांवर काय असतं? बहुतेकांची झोप या दोन जागीच अडकलेली असते.

झोपेच्या मागे दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. पहिली थकव्याची. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात, त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि जागं ठेवणाऱ्या पेशींना मंद करतं. जितका वेळ जागे, तितका साठा मोठा. झोपलात की तो ओसरतो.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक इवलासा पुंजका आहे, त्याला डोळ्यांकडून थेट उजेडाची खबर मिळते. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर पिनिअल ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडते. हे हार्मोन. कंपनीचा भोंगा वाजला की सगळ्या शॉपला कळतं, तसं रक्तातून ते अंगभर पोचतं आणि रात्र झाल्याचं सांगतं. न्यूरोट्रान्समीटरचं, म्हणजे मेंदूच्या एका पेशीने दुसरीला निरोप देणाऱ्या रसायनाचं, काम याउलट शेजारच्या पेशीपुरतं, एका सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपणारं. रात्री अडीच-तीनला मेलाटोनिन भरात असतं, चार-पाचच्या सुमारास अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं. प्रेस मशीनवर काम करणाऱ्यांनी ही वेळ कायम लक्षात ठेवावी. हात सुटतो तो याच वेळी.

सकाळी सातला तुम्ही गेटबाहेर पडता तेव्हा अडेनोसिन काठोकाठ असतं, पण मेलाटोनिन उतरलेलं आणि जागं करणारं कॉर्टिसोल चढलेलं. म्हणजे अंग थकलेलं आणि घड्याळ मात्र म्हणतं, उठा. त्यातून सातपूरहून शहराकडे यायचं म्हणजे तोंड पूर्वेला. आयटीआय सिग्नलला थांबलात की ऊन सरळ डोळ्यांत. त्या उन्हाने घड्याळाची खात्रीच पटते की दिवस सुरू झाला, आणि उरलंसुरलं मेलाटोनिनही बंद होतं. म्हणून गेटवरच गडद गॉगल चढवा, टोपी घाला, वाटेत रेंगाळू नका. एक मात्र बजावून सांगते: डोळे मिटायला लागले असतील तर गॉगलही नको आणि गाडीही नको. पंधरा-वीस मिनिटं रेस्टरूममध्ये पडा, नाहीतर सिटीलिंकची बस धरा.

घरी आल्यावर मोबाइल बाजूला. त्याचा उजेड उन्हाच्या मानाने काहीच नाही, पण रील्स बघता बघता नऊ वाजतात ते वाजतातच. खिडकीला जाड पडदा लावा. पडदा घ्यायला पैसे नसतील तर जुनी गोधडी टांगा, तिच्यातून उजेड येत नाही. घरच्यांना कुकर, मिक्सर, बेल यांच्या वेळा सांगून ठेवा. बाई नाईट करत असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तिला दिवसा झोपलेलं बघवत नाही अशी घरं मला माहीत आहेत.

आता चहा. कॅफीन अडेनोसिनच्या खुर्चीत जाऊन बसतं, पण काम काहीच करत नाही. थकवा तसाच साठत राहतो, तुम्हाला फक्त जाणवत नाही. घेतलेल्या कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाचा चहा म्हणजे अकरापर्यंत त्यातलं निम्मं कॅफीन अंगातच. नाईटला चहा जरूर घ्या, पण शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या भागात. दोननंतर बंद. सुटताना टपरीवर सगळे घेतात म्हणून घेतलेला कटिंग सर्वात महागात पडतो.

काहीजण सर्दीची जुन्या प्रकारची गोळी झोपेसाठी खातात. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनला ती अडवते, म्हणून गुंगी येते. पण ती गुंगी पुढच्या शिफ्टपर्यंत रेंगाळू शकते, मशीनसमोर ते धोक्याचं आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप पुन्हा पुन्हा मोडते. मेलाटोनिनची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ उलट्या बाजूला सरकतं.

जेवणाचं थोडक्यात. रात्री इन्सुलिनचं काम ढिलं पडतं, त्यामुळे तीन वाजता चापलेला भात दुपारच्या भातापेक्षा साखर जास्त चढवतो. निघण्यापूर्वी पोटभर जेवा, मध्ये एखादी भाकरी-भाजी किंवा मूठभर शेंगदाणे पुरेत. झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, तेव्हाच हात फरसाणाकडे जातो. सुटल्यावर झणझणीत मिसळ आणि वर दोन पाव खाऊन आडवे झालात तर छातीत जळजळणारच. मिसळ सुटीच्या दिवशी खा.

पाळी लावणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड असा क्रम अंगाला सोपा जातो. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. उलटा क्रम लावला की माझ्याकडे अॅसिडिटीची रांग वाढते, हे मी दर वेळी बघते.

ज्यांना शुगर किंवा बीपीच्या गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे, फिट येते, त्यांनी नाईट सुरू व्हायच्या आधी आपल्या डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. त्या कागदाची एक प्रत माझ्याकडेही द्या.